ओपन स्पेसवरची सामुदायिक परसबाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत या पट्ट्यातली तालुक्याची गावं नजरेसमोर ठेवून लिहिली आहेत. वर्षाला साधारण ४०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी आणि जवळपास प्रत्येक लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीत, सर्वांसाठी मोकळी सोडलेली पण गाजरगवताने भरलेली एक ओपन स्पेस, अशी ही गावं. कोकणात किंवा पूर्व विदर्भात पाण्याचं गणित वेगळं निघेल. माणसांचं गणित मात्र फारसं बदलत नाही.

नगरपरिषदेची बाग आहेच की. मग ही वेगळी कशाला?

नगरपरिषदेच्या बागेत हिरवळ, बाकडी, घसरगुंडी आणि 'फुले तोडू नयेत' अशी पाटी असते. इथे जे लावायचं ते तोडण्यासाठीच. आजूबाजूची दहा-वीस घरं मिळून एका जागेवर भाजी, थोडी फळं, थोडी फुलं पिकवतात, घरातला ओला कचरा तिथेच जिरवतात आणि कामही स्वतःच करतात. माळी ठेवायचा नाही. माळी ठेवला की लोक बाग बघायला येतात, करायला येत नाहीत.

आम्हाला वीस गुंठे मिळतायत. सगळ्यावर बाग करावी का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर चुकलं की पुढची सगळी उत्तरं वाया जातात.

जागा किती आहे ते आधी विसरा आणि मे महिन्यात तुमच्या हातात रोज किती लिटर पाणी असेल ते कागदावर लिहा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. त्यातली निम्मी जागा वाटा, खताचा हौद, टाकी आणि झाडं यांत जाते. उरलेल्या ५० चौरस मीटर वाफ्यांना, वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन असेल तरी, मे महिन्यात चौरस मीटरला ५ ते ६ लिटर पाणी रोज लागतं. म्हणजे गुंठ्याला २५० ते ३०० लिटर. याच हिशेबाने वीस गुंठ्यांना रोज ५,००० लिटर, म्हणजे दररोज एक टँकर. तो कोण देणार?

त्यामुळे पहिल्या वर्षी एक, फार तर दोन गुंठे घ्या. उरलेल्या जागेवरचं गवत कापत राहा, मुलांना क्रिकेट खेळू द्या. वीस गुंठ्यांवर जुलैत बाग लावणाऱ्यांचे फोटो वर्तमानपत्रात येतात, एप्रिलमध्ये तिथे वाळक्या काड्या आणि तुटलेली ठिबकची नळी दिसते. बाग टिकली का, हे जुलै सांगत नाही.

ओपन स्पेस नक्की कोणाची असते? परवानगी कोणाकडून घ्यायची?

एकात्मिक विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली २०२० नुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये किमान १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. जुन्या लेआउटमध्येही अशी जागा असतेच, फक्त तिची कागदोपत्री अवस्था प्रत्येक ठिकाणी निराळी. काही ठिकाणी ती नगरपरिषदेच्या नावावर चढलेली असते, काही ठिकाणी प्लॉटधारकांच्या सोसायटीकडे, आणि बऱ्याच ठिकाणी सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाचंच नाव असतं. म्हणून सगळ्यात आधी सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा आणि मंजूर लेआउटचा नकाशा मिळवा. नकाशावर ओपन स्पेस म्हणून दाखवलेली जागा प्रत्यक्षात कोणाच्या तरी कंपाउंडच्या आत गेलेली असते, हेही तेव्हाच कळतं.

जागा नगरपरिषदेची असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज करा, वॉर्डाच्या नगरसेवकाची शिफारस जोडा आणि सभेत ठराव करून घ्या. मागणी जागेची करू नका, देखभालीची करा. मालकी नगरपरिषदेचीच राहील, कोणतंही पक्कं बांधकाम होणार नाही, बाग सर्वांना खुली राहील, ही तीन वाक्यं अर्जात पहिल्या परिच्छेदातच हवीत. राज्य सरकारच्या 'माझी वसुंधरा' अभियानाचा उल्लेख जरूर करा. २०२० पासून राज्यातल्या नगरपरिषदांना या अभियानात गुण मिळवायचे असतात, आणि हरित जागा व कचऱ्याचं खत ही कामं त्यांनाही दाखवायला हवीच असतात. तोंडी 'करा की, कोण विचारतंय' यावर मात्र एकही खड्डा खणू नका.

ओपन स्पेस नसेल तर शाळेची मागची बाजू, दवाखान्याचं आवार, देवस्थानची पडीक जागा यांचा विचार करा. जागेत एखादा जुना आड असला तर ती सोडू नका. गाळ काढून आडाला पाणी लागलं, तर सगळं गणित बदलतं.

पाणी आणायचं कुठून?

नळाचं पाणी भाजीला घालायचं नाही, हे आधीच ठरवा. दोन दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर बाग काढली तर शेजारची घरं बोलणारच, आणि त्यांचं बोलणं बरोबर असेल.

मग उरतं काय? एक, अंघोळीचं पाणी. माणशी एक बादली म्हणजे साधारण २० लिटर धरली तर चार माणसांच्या चार घरांचं मिळून दिवसाला ३२० लिटर होतं. वर गुंठ्याचा मे महिन्याचा हिशेब केला तो पुन्हा बघा, तेवढंच पाणी बागेला लागून असलेल्या चार घरांच्या मोरीतून रोज गटारात जातं. मात्र ते थेट पालेभाजीवर ओतायचं नाही. मोरीच्या पाइपला जोड देऊन ते आधी खडी-वाळूच्या खड्ड्यातून न्यायचं, खड्ड्यावर कर्दळ लावायची आणि तिथून उताराने केळी, पपई, शेवगा, हादगा, लिंबू, कढीपत्ता यांच्या बुडाशी, आच्छादनाखाली सोडायचं. ज्यांची फळं-पानं जमिनीला टेकत नाहीत, अशीच झाडं या पाण्यावर. हे पाणी एक दिवसाच्या वर साठवू नका, वास सुटतो. कपडे धुतलेलं पाणी टाळाच. पावडरीतल्या सोडियमने काळी जमीन दगडासारखी घट्ट होते आणि एकदा झाली की मोकळी करायला फार कष्ट पडतात.

दोन, बोअर. जवळच्या घराचा किंवा नगरपरिषदेचा बोअर वापरायचा असेल तर पाणी आधी तपासून घ्या. आपल्याकडे बरेच बोअर क्षारयुक्त आहेत. वाफ्यावर पांढरा थर धरायला लागला की समजायचं. अशा पाण्यावर पालक आणि बीट तग धरतात, श्रावणघेवडा लगेच मान टाकतो.

तीन, छपरावरचं पाणी. १००० चौरस फुटांच्या स्लॅबवर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर वर्षाला सुमारे ४६,००० लिटर पाणी पडतं, त्यातलं ३५-३७ हजार लिटर हाती लागू शकतं. एवढं साठवायला टाकी कोणी बांधणार नाही, म्हणून ते गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडा. त्याचा फायदा बागेला थेट दिसत नाही, पण बोअर मार्चमध्ये आटायचा तो थोडा पुढे जातो.

टँकर हा आणीबाणीचा उपाय आहे. दरवर्षी टँकर लागत असेल तर वाफे कमी करा.

टाकीला घट्ट झाकण हवं, आत गप्पी मासे सोडलेले बरे. डेंग्यूचा एक रुग्ण गल्लीत निघाला की पहिला संशय बागेवर येतो.

ठिबक करावं की झारीने पाणी घालावं?

वाफ्यांना ठिबक. टाकी पाच-सहा फूट उंचीच्या कट्ट्यावर ठेवली तर छोट्या बागेला मोटारीशिवायही ठिबक चालतं, फक्त जाळीचा फिल्टर दर आठवड्याला धुवायचा. डाळिंबाच्या बागा काढणाऱ्या शेतकऱ्यांकडे जुन्या लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, भंगाराच्या भावात मिळतात. विकत घेण्याआधी तिथे विचारा.

वेलांसाठी माठ पुरण्याची जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे. उन्हाळा संपला की घरोघरी जुने माठ फेकले जातात, ते गोळा करायचे. पाच-सात लिटरचा, बाहेरून रंग न दिलेला माठ गळ्यापर्यंत पुरायचा, भोवती दोडका, कारलं, दुधी लावायचे, माठ भरून वर झाकण ठेवायचं. चार दिवस गावाला गेलात तरी वेल सुकत नाही.

आमच्या जागेत नुसता मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा आहे. तिथे काय येणार?

येतं, पण पहिले काही महिने माती करण्यात जातात. काचा, विटा, फरशीचे तुकडे वेचा. ते वाटांच्या खाली भरायला उपयोगी पडतात. मग तलावातला गाळ आणा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमुळे उन्हाळ्यात गाळ काढण्याची कामं चालू असतात, एखादी ट्रॉली मिळवणं अवघड नाही. गाळ एकटा टाकला तर त्याची पावसात चिकट खीर आणि उन्हात ढेकळं होतात, म्हणून तो मुरमात मिसळायचा. सोबत लेंडीखत. आपल्या भागात मेंढपाळांची कमी नाही, आणि मेंढीच्या लेंडीइतकं सोपं खत दुसरं नाही.

वाफा उंच करायचा की खोल, यावर बागेत कायम वाद होतात. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबतं, तिथे वीतभर उंचीचा गादी वाफा. मुरमाड जागेत मात्र वाफा जमिनीच्या थोडा खाली ठेवा, म्हणजे पडलेला पाऊस आणि घातलेलं पाणी तिथेच मुरतं. रुंदी दोन्हींची तीन-चार फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि कोणी वाफ्यात पाय ठेवत नाही.

याच मातीच्या प्रश्नावर कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी, जे मूळचे गणिताचे प्राध्यापक, 'प्रयोग परिवारा'च्या माध्यमातून वेगळी वाट काढली होती. जवळच मिळणारा पाला, पाचट, काडीकचरा कुजवून त्याचीच माती बनवायची. त्यासाठीचं अमृतजल घरीही करता येतं: १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ आणि १० लिटर पाणी, तीन दिवस रोज ढवळायचं, मग दहापट पाणी घालून वापरायचं. यात पाचट भिजवून थरावर थर रचले की काही महिन्यांत भुसभुशीत, काळी माती हाती येते. टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं पाणी आल्यापासून आपल्याकडेही ऊस वाढला आहे आणि शेतकरी पाचट जाळतात. तुम्ही न्यायला गेलात तर ते खुशीने देतील.

सुरुवात जूनमध्येच करायची ना?

सगळे तसंच करतात. आमचा सल्ला दसऱ्यानंतरचा. पावसाळ्यात तण तुमच्यापेक्षा वेगाने वाढतं, नवख्या माणसाला रोप कुठलं आणि तण कुठलं कळत नाही, आणि दोन आठवडे पावसाने दडी मारली की उत्साहही दडी मारतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा थंड, कीड कमी. मेथी टाकली की महिन्याभरात जुडी हातात येते. पहिल्या महिन्यात घरी नेण्यासारखं काहीतरी मिळालं तर लोक दुसऱ्या महिन्यात येतात. शिवाय पहिला उन्हाळा तुम्हाला लहान बागेसह गाठतो, आणि तीच खरी परीक्षा.

अर्ज, ठराव, जाळी आणि खताचा हौद ही कामं पावसाळ्यात उरकून घ्या.

काय लावायचं?

बाग दोन हिश्श्यांत बघा. कडेने बारमाही पट्टा, मध्ये हंगामी वाफे. बारमाही पट्टा म्हणजे वर सांगितलेली मोरीच्या पाण्यावरची झाडं. शेवग्याचा 'पीकेएम-१' किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'कोकण रुचिरा' लावा आणि छातीएवढा झाला की शेंडा छाटा, नाहीतर शेंगा काढायला शिडी लागते. हादगा हवाच. आश्विनात मुली ज्याच्या नावाने फेर धरतात ते झाड आता गावात शोधावं लागतं, आणि त्याच्या फुलांची भाजी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. जाळीवर तोंडली आणि मायाळू सोडा. एकदा लावली की वर्षानुवर्षं चालतात.

वाफ्यांत पावसाळ्यात भेंडी, गवार, काकडी, अंबाडी, वाल. हिवाळ्यात मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, वांगी, टोमॅटो, लसूण. उन्हाळ्यात दोन-तीनच वाफे चालू ठेवायचे, त्यात तांदुळजा, माठ, चवळी, गवार, आणि वर हिरव्या जाळीची सावली. बाकीचे वाफे पाचटाने झाकून झोपवायचे. हे उजाड दिसतं म्हणून लोकांना आवडत नाही, पण झाकलेली माती जूनमध्ये कुदळीशिवाय उकरता येते.

कोबी-फ्लॉवरच्या नादी पहिल्या वर्षी लागू नका. जागा अडवतात, अळ्या बोलावतात आणि आठवडे बाजारात हिवाळ्यात कवडीमोलाने मिळतात.

झाडं किती लावावीत? पर्यावरण दिनाला शंभर रोपं देतो म्हणालेत.

आभार माना आणि रस्त्याच्या कडेला लावायला सांगा. भाजीला रोज किमान सहा तास ऊन लागतं. आज हौसेने लावलेला गुलमोहर पाच वर्षांनी निम्म्या बागेवर सावली धरतो, आणि १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्यानुसार नागरी भागातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. मोठं एखादंच झाड, उत्तर बाजूला, बसायच्या कट्ट्याजवळ. कडुनिंब असेल तर सावली, निंबोळ्या आणि पाला तिन्ही मिळतात.

बियाणं कुठून आणायचं?

पहिल्या वर्षी कृषी विज्ञान केंद्रातून किंवा कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून सुधारित वाणाचं बी घ्या. हायब्रीडचं बी पुढच्या वर्षी धरता येत नाही, सुधारित किंवा गावठी वाणाचं येतं. भेंडीचा 'परभणी क्रांती' हा जुना पण भरवशाचा वाण याच कारणासाठी चांगला. पानं पिवळी पाडणाऱ्या हळद्या रोगाला तोंड देण्यासाठीच तो निवडलेला आहे.

बी धरायला टोमॅटो, वाल, चवळी आणि मेथी ही सगळ्यात सोपी पिकं, कारण त्यांच्यात परपरागीकरण फार होत नाही. काकडी किंवा भोपळ्याच्या दोन जाती शेजारी असतील तर बी मिसळतं. पहिलं सुदृढ फळ खायचं नाही, त्याला खूण म्हणून चिंधी बांधून ठेवायची. बी सावलीत वाळवून राखेत घोळवायचं आणि काचेच्या बरणीत ठेवायचं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी आपल्या घरातून गावठी बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली, हे बहुतेकांना माहीत असतं. पण आपल्या गल्लीतल्या कोणत्या आजीकडे माडग्याच्या कुळथाचं किंवा जुन्या घेवड्याचं बी अजून डब्यात आहे, हे कोणी विचारलेलं नसतं. तिथून सुरुवात करा.

वाफे घरागणिक वाटून द्यायचे की सगळं सामाईक ठेवायचं?

सगळं सामाईक ठेवलं तर दोन माणसं राबतात आणि वीस माणसं कोथिंबीर नेतात. सगळं वाटून दिलं तर वाटेवरचं तण आणि गळकी टाकी कोणाचीच राहत नाही. म्हणून मधली सोय: हंगामी वाफे दोन-तीन घरांच्या जोडगटाला, बारमाही पट्टा, खत आणि पाणी सगळ्यांचं. एकट्या घराला वाफा देऊ नका. घरात लग्न निघालं, आजारपण आलं की वाफा वाळतो. जोडगटात कोणीतरी गावात असतंच.

नियम थोडे ठेवा, पण फळ्यावर लिहून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलेला नियम सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो. तीन आठवडे हात न लागलेला वाफा दुसऱ्या गटाकडे जाईल, हा एक नियम. आणि दुसरा, आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा: एप्रिल-मे महिन्यांत ज्यांनी पाण्याच्या पाळ्या सांभाळल्या, त्यांनी जूनमध्ये आपला वाफा आधी निवडायचा. कडेचा सावलीतला वाफा कोणाला नको असतो, टाकीजवळचा सगळ्यांना हवा असतो. या एका नियमाने उन्हाळ्यातली हजेरी बदलते. पाया पडून, भाषणं करून ती बदलत नाही.

फाटकाची किल्ली एकाच घरी ठेवू नका. त्या घराशी ज्याचं बिनसलं त्याची बाग बंद होते. आकड्यांचं कुलूप लावा.

भाडेकरूंना वाफा द्यायचा का?

नक्की. बऱ्याचदा शेतीतलं खरं ज्ञान भाड्याच्या खोलीत मुलाकडे राहायला आलेल्या आईकडेच असतं. गल्ली झाडणाऱ्या ताई, वायरमन, शेजारच्या शाळेतले शिपाईकाका यांनाही विचारा. प्लॉटधारकांपुरती बाग ठेवली तर ओपन स्पेस म्हणजे काही घरांचं खासगी अंगण झालं, अशी तक्रार उद्या नगरपरिषदेत जाईल.

कचऱ्याचं खत केलं तर वास येणार. शेजारी ओरडतील.

वास येतो तो ओल्या कचऱ्याला सुका सोबती नसतो म्हणून. एक घमेलं ओला कचरा टाकला की त्यावर दोन-तीन घमेली वाळका पाला आणि मूठभर माती. पाल्याची पोती हिवाळ्यातच भरून ठेवा, कारण पावसाळ्यात कोरडा पाला मिळत नाही आणि नेमका तेव्हाच वास जास्त. चार जणांच्या घरातून दिवसाला अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. पंधरा-वीस घरांचा कचरा छोटी बाग आरामात पचवते. चिकन-मटण, तेलकट उरलंसुरलं टाकू नका, त्याने कुत्री आणि घुशी येतात.

मोठ्या प्रमाणात पाला असेल तर नाडेप हौद करा. पुसदचे नारायण देवताओ पांढरीपांडे यांनी ही पद्धत बसवली आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ती ओळखली जाते. विटांचा, भिंतींना भोकं ठेवलेला १० × ६ × ३ फुटांचा हौद, त्यात पाला, थोडं शेणकाल्याचं पाणी आणि माती यांचे थर. शेण अगदी थोडं लागतं हा तिचा मोठा गुण. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. दोन गुंठ्यांच्या बागेला याच्या निम्म्या मापाचा पुरतो. विटा मातीतच रचा, सिमेंट लावू नका. कारण शेवटच्या प्रश्नात आहे.

गाजरगवत फुलायच्या आधी उपटलं तर तेही हौदात चालतं, फुलल्यावर नाही. हातमोजे घाला, अनेकांना त्याची अ‍ॅलर्जी असते. पानांवर पांढरट-काळ्या रेघांचे भुंगेरे दिसले तर मारू नका. ते मेक्सिकन भुंगेरे, गाजरगवत खाण्यासाठीच देशात आणले गेलेले.

कीड पडली तर औषध फवारायचं का?

दुकानातलं रासायनिक औषध या बागेत नको. शेजारच्या वाफ्यात कोणीतरी पोरगं काकडी तोडून तशीच खात असतं. निंबोळी अर्क बहुतेक वेळा पुरतो: ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायची, सकाळी गाळून १ लिटर करायची, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारायची. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाला झाडाखाली पडलेल्या असतात, तेव्हाच वेचून वाळवा.

मावा आणि पांढरी माशी यांना पिवळे चिकट सापळे. टोमॅटोच्या कडेने झेंडू. हळद्या पडलेलं भेंडीचं झाड उपटून टाका, त्याला औषध नाही. पावसात गोगलगायी आल्या तर गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्यालगत पसरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या पाण्यात टाका.

मोकाट जनावरं, वानरं आणि चोर?

जनावरांसाठी जाळी लागतेच, आणि खर्चात ती सगळ्यात मोठी. जाळीच्या आतून करवंदाची नाहीतर सागरगोट्याची काटेरी रांग लावा, ती वाढेपर्यंत जाळी टिकली की झालं. वानरांवर खात्रीचा उपाय नाही. ती येत असतील तर फळझाडं कमी आणि आंबट चुका, अंबाडी, मिरची, लसूण जास्त.

भाजीची चोरी वाटते तेवढी होत नाही. चोरी होते फुलांची, पहाटे, देवपूजेसाठी. त्यावर भांडू नका. जाळीच्या बाहेर तगर, जास्वंद आणि पारिजातक लावा आणि 'कोणीही न्यावीत' असं लिहा.

पैसे कुठून येणार? संस्था नोंदवावी का?

जाळी आणि टाकी सोडली तर बागेला पैसे फार लागत नाहीत. जाळीसाठी नगरसेवकाच्या शिफारशीने नगरपरिषदेकडे, टाकीसाठी गावातल्या पतसंस्थेकडे किंवा कारखान्याकडे मागता येतं. देणगीदाराच्या नावाची पाटी टाकीवर लावा, फाटकावर नाही.

पहिल्या वर्षी नोंदणीच्या फंदात पडू नका. सात जण मिळून १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते, पण मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय कार्यालय आलं, दरवर्षीचं ऑडिट आलं, विश्वस्त बदलले की बदल अर्ज आला. गल्लीत महिला बचत गट असेल तर त्याचं खातं आणि हिशेबाची सवय आधीच तयार असते. त्यांच्याकडेच पैसे सोपवा. वर्गणी कितीही लहान असो, जमा-खर्च दर महिन्याला फळ्यावर.

उरलेली भाजी विकायची का?

बाजारात नको. पालेभाजी विकून घर चालवणाऱ्या बायकांच्या शेजारी आपण हौसेची मेथी घेऊन बसणं बरं दिसत नाही. जास्त झालं तर अंगणवाडीला, शाळेच्या पोषण आहाराला द्या. रोपं मात्र विका. वांगी-टोमॅटो-मिरचीची रोपं दारच्या कुंड्यांसाठी लोक आनंदाने घेतात.

ओपन स्पेसवर मंदिर किंवा समाजमंदिर बांधायचं काही लोक म्हणतात. मग?

हे होणार, तयारी ठेवा. विरोधाची सभा घेऊ नका. मंजूर लेआउटचा नकाशा आणि ठरावाची प्रत फायलीत असली की बोलणं कायद्यावर राहतं, भावनेवर जात नाही. तुळशीचं वृंदावन आणि बसायला एक कट्टा आधीच केलेला असेल तर निम्मी मागणी तिथेच शांत होते. ज्येष्ठ मंडळींना संध्याकाळी टेकायला जागा हवी असते, ती त्यांना बागेत मिळू द्या.

निवडणुकीनंतर नवीन मंडळी आली आणि जागा परत मागितली तर?

देखभालीचा करार आहे, मालकी नाही, तेव्हा जागा परत द्यावी लागू शकते. मुदत आणि नोटिशीचा कालावधी करारात लिहून घ्या. एक हंगाम तरी मिळायला हवा, म्हणजे उभं पीक निघतं. बाग उचलून नेता येईल अशीच बांधा: टाकी कट्ट्यावर नुसती ठेवलेली, ठिबकच्या नळ्या गुंडाळता येणाऱ्या, जाळीचे खांब सिमेंटऐवजी दगड-मातीत ठोकलेले, नाडेपच्या विटा सुट्ट्या. केळीचे मुनवे, शेवग्याची फाटी, तोंडलीचा वेल, अळूचे कांदे हे सगळं दुसरीकडे लागतं. तयार झालेली माती पोत्यात भरून न्या, ती जागेबरोबर सोडून देऊ नका. बियांच्या बरण्या मुळातच बागेत ठेवायच्या नसतात, त्या दोन-तीन घरांत वाटून ठेवलेल्या असाव्यात.